टाचा बघणारी आक्का

आमची कारभारीण माणसाचं तोंड नंतर बघायची, आधी टाचा बघायची. पावणा उंबऱ्यात चप्पल काढतोय तोवर हिची नजर त्याच्या पायावर. "पाय चिरल्यात की ओ तुमचं. पाणी ठेवू काय?" पावणा बिचारा लग्नाची पत्रिका द्यायला आलेला असायचा. तो पत्रिका मांडीवर ठेवून घमेल्यात पाय घालून बसायचा. गल्लीनं तिला टाचांची आक्का करून टाकलं. नाव घेऊन हाक मारायची आमच्यात पद्धत नव्हती, म्हणून मीही आक्काच म्हणू लागलो.

मी गुळव्या. चौथीनंतर शाळा सोडली आणि पन्हाळ्याच्या बाजूला गुऱ्हाळावर चाळीस हंगाम रस आटवला. रसाच्या भल्यामोठ्या काहिलीच्या धगीनं हाताचं कातडं वाळून तडकायचं. लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत तिनं माझे तळवे हातात धरले, उलटसुलट बघितले आणि म्हणाली, "ह्या हातानं मला शिवायचं न्हाय. आधी मऊ करून घ्या." मी तोंडाचा फटकळ म्हणून गावात प्रसिद्ध, पण ती माझ्यावर ताण होती.

तिची रीत ठरलेली होती. पाणी कोमटच हवं, कढत पाण्यानं कातडं जास्त वाळतं. दहा मिनिटं भिजवायचं, वजरी हलक्या हातानं फिरवायची, पुसताना रगडायचं नाही, आणि अंग ओलसर आहे तोवरच तेल. भेगांना कोकमाचं तेल. तिची आजऱ्याकडची बहीण त्याचे मेणासारखे पांढरे गोळे पाठवायची. पळीत पातळ करायचं, निवू द्यायचं, भेगेत भरायचं आणि वर जुन्या लुगड्याची पट्टी. अंगाला साबण नको, डाळीचं पीठ आणि साय. "साबणानं कातड्यातलं तूप निघून जातंय," म्हणायची. कुणी दुकानातली ट्यूब दाखवली तर वास घ्यायची आणि न बोलता परत द्यायची.

पण तेल कुठं चालत नाही, हेही तिला कळायचं. आमचा दूधवाला एकदा टाच दाखवायला आला. भेग खोल, आतून काळी.
"दुखतंय का रं?"
"न्हाय आक्का, अजिबात न्हाय. जरा तेल लाव की."
"एवढी भेग आणि दुखत न्हाय? मग माझ्या तेलाचं काम न्हाय ह्ये. दवाखान्यात जा."
"उद्या जातो."
"पाय ठेवायचाय का काढायचाय? आत्ता जा."
त्याला साखर निघाली. पाय वाचला.

गेल्या दिवाळीला माझे गुडघे गेले आणि मी गुऱ्हाळ सोडलं. त्याच थंडीत तिच्या अंगाला खाज सुटली. कातडं पांढरं पडलं, कोंडा गळायचा, पाठीवर नखांचे वळ. मी म्हणालो, वय झालं, थंडी आहे. रोज सकाळी आंघोळ झाली की ती पाटावर बसायची आणि मी पाठीला खोबरेल लावायचो. अर्धा अर्धा तास. ती बोलत राहायची, शेजारणीची म्हैस, लेकीची सासू, काहीही. संक्रांतीपर्यंत ती अर्ध्या भाकरीवर आली. संध्याकाळी पाय सुजायचे. मी बघत होतो. "दाखवूया काय कुणाला?" असं एकदा विचारलं. "थंडी सरली की जाईल," म्हणाली. मी सोडून दिलं. नुसत्या बुडबुड्यावरून काहील कधी उतरायची ते सांगणारा मी, मला घरातली बाई दिसली नाही.

शिमग्याला लेक गडहिंग्लजहून आली. तिनं आईच्या घोट्यावर अंगठा दाबला. खड्डा पडला तो वर येईना.
"आबा, ह्ये कवापासनं?"
मी हातातली तेलाची वाटी खाली ठेवली.
"नुसतं तेल लावत बसलायसा?"

त्याच दिवशी कोल्हापूरला नेलं. रक्ताचा कागद बघून डॉक्टरनं विचारलं, खाज किती दिवसांची? आक्का माझ्याकडं बघत म्हणाली, "आठ-धा दिस झालं असतील." मी म्हणालो, "खोटं बोलतीया ती. दिवाळीपासनं." डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ बंद पडली होती. खाज त्याची होती, थंडीची नव्हती.

लगेच दाखल करून घेतलं. दुपारी लेक औषधं आणायला गेली, तेव्हा मी विचारलं, "डॉक्टरला खोटं कशाला सांगितलंस?"
"तुमाला बोलला असता त्यो."
"दूधवाल्याचं एका नजरेत वळखलंस आणि सोताचं कळलं न्हाय?"
"संक्रांतीलाच कळलं हुतं."
"मग?"
"चाळीस वर्सं तुमी पहाटं गेलासा आणि अंधारात आलासा. ह्या थंडीत तेवढं माज्याजवळ बसलासा. दवाखाना मागं लागला असता तर त्ये बी गेलं असतं. म्हटलं, थंडी सरू दे."

मला राग आला. एवढा की मी उठून जिन्यात जाऊन उभा राहिलो, आणि तासभर आत गेलो नाही. तो तासही माझ्याच हातानं घालवला.

चौथ्या डायलिसिसनंतर ती गेली. बायका म्हणाल्या, सवाशीण गेली, भाग्याची. आजऱ्याहून गोळे अजून येतात. कुणी मागायला आलं की आधी विचारतो, खाज किती दिवसांची, जेवण जातंय का, पाय सुजतात का. महिना झाला म्हणालं की गोळा देत नाही, कोल्हापूरच्या एसटीत बसवून देतो. गल्लीत म्हणतात, म्हातारा तुसडा झालाय. म्हणू देत.

दिवसकार्य झाल्यावर मी लेकीला म्हणालो, "नुसतं बसा म्हणाली असती, तर मी तेलाबिगर बी बसलो असतो की."
लेक भांडी पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "बसला नसतासा, आबा."
खरं आहे.