रिसीव्हरची फी आणि मामांच्या सायकली

आमचे हे दौंडला वकिली करायचे. एकदा कोर्टानं त्यांना दिवाळखोरीच्या कामात रिसीव्हर नेमलं, तेव्हा शेजारीण म्हणाली, "आता काय, सरकारी पगार." मलाही तसंच वाटलेलं. पण रिसीव्हरला पगार नसतो हो. दिवाळं निघालेल्याचा माल विकायचा आणि आलेल्या पैशातून शेकड्यानं वाटा घ्यायचा, तोही कोर्ट मंजूर करील तेवढाच. माल महाग गेला तर फी जास्त.

मला त्या फीमध्ये गॅस दिसत होता. गॅस कनेक्शनच्या यादीत किती वर्षांनी आमचा नंबर लागलेला, आणि दिवाळीच्या आत डिपॉझिट भरलं नाही तर तो जाणार होता.

दिवाळं निघालं होतं सायकलवाल्या मामांचं. तासाच्या भाड्यानं सायकली द्यायचे. निम्मं गाव त्यांच्याकडं गुडघे फोडून सायकल शिकलं. लग्न होऊन आल्यावर पदर खोचून मीसुद्धा. पुढं घरोघरी लुना आल्या, आणि मामांनी उधारीवर आणलेल्या सायकली उभ्याच राहिल्या.

लिलावाला यवतपासून माणसं आली. गंजक्या सायकलीला नवीच्या भावाची बोली लागायला लागली. मी समोरच्या ओट्यावर बसून मनातल्या मनात गॅसवर भाकरी टाकत होते.

वडगाव रासाईचे एक आप्पा होते, डोक्याला पटका. ते म्हणाले, "माझं आनखी शंभर. मामाच्या हातात पडू द्या."

हे थांबले. "आप्पा, मामांच्या हातात यातलं काही पडत नाही. ज्यांची उधारी थकली त्यांना जातं. थोडं मला."

"म्हंजी आमी वाढवतोय ते तुमचं वाढतंय व्हय?"

"व्हय."

लोक हसले. उधारीवाला व्यापारी चिडला. "वकीलसाहेब, स्वतःच्या पायावर धोंडा मारा की. आमच्या पायावर कशाला?"

"गैरसमजावर बोली घेतली तर उद्या कोर्ट मलाच विचारील," हे म्हणाले.

आप्पांनी जरा विचार केला. "मग मामाला काय ऱ्हातंय?"

"हत्यारं. ती कायद्यानं विकता येत नाहीत."

बोल्या उतरल्या. पण सायकल घेणारा जो तो ती मामांच्याच दारात लावून म्हणायचा, "मामा, तेवढी नीट करून ठेवा," आणि मजुरी आगाऊ त्यांच्या हातात द्यायचा. आप्पांना तर सायकल येतही नव्हती.

फी आली ती दिवाळीनंतर, नि थोडकीच. नंबर गेला. मी चार दिवस यांच्याशी धड बोलले नाही.

गॅस यायला पुढं दोन वर्षं लागली. तोवर आमचा रॉकेलचा स्टोव्ह बसला की मामा यायचे, सायकलच्या पंपाचा कातडी वायसर त्याच्या पंपात बसवायचे. पैसे विचारले की म्हणायचे, "वहिनी, चहा टाका. पेटतोय का बघू."

गॅस आला तरी तो स्टोव्ह मी मोडीत दिला नाही. माळ्यावर आहे. त्याचा पंप अजून हवा धरतो.