सात वेळा ठीक

माझे सासरे मला ‘पाव्हणं’ म्हणतात आणि मी त्यांना मामा. लग्नात त्यांनी ताम्हणात माझे पाय धुतले, नव्या टॉवेलने पुसले, आणि तेव्हापासून मी नमस्काराला वाकलो की ते मागे सरकायचे. जावयाने सासऱ्याच्या पायाला हात लावायचा नाही, हा त्यांच्या घरचा शिरस्ता. मोशीतली त्यांची बरीच जमीन गेली, तिच्यावर उंच इमारती आल्या, गोठ्यात दोनच म्हशी उरल्या, पण शिरस्ता शाबूत होता. खरं सांगायचं तर मलाही तो मान आवडायचा. निगडीला आमच्या घरी चहासुद्धा दोनदा मागावा लागतो. मोशीला मात्र पहिलं ताट माझं आणि भाकरीवर लोण्याचा गोळाही माझाच.

चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटीत आहे. सुटे भाग तपासायचे, मापं घ्यायची, कागदावर सही करायची, हे माझं काम. नवीन माणूस आला की मी त्याला पहिल्याच दिवशी बजावतो, मशीनवरचा माणूस ‘ओके आहे’ म्हणाला म्हणून ओके लिहायचं नाही, स्वतः मोजायचं. या बाबतीत मी इतका खवट आहे की लोक माझ्या मागे माझी नक्कल करतात.

त्या दिवशी सकाळी साडेसातला मी कंपनीच्या बसमध्ये होतो. मामांच्या ओळखीच्या एकाचा फोन आला. मामा दूध घालायला निघाले होते आणि डंपरमधून सांडलेल्या खडीवर त्यांची गाडी घसरली होती. बस मोशीतूनच जात होती, मी उतरलो. बांधकामावरच्या वॉचमनने दोन फळ्या आणल्या होत्या आणि मामांच्याच उपरण्याने पाय त्यांच्यामध्ये बांधला होता. मामा रस्त्याच्या कडेला बसून सांडलेल्या दुधाकडे बघत होते. मला बघून म्हणाले की पाव्हण्यांचा खाडा झाला.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी फळ्यांचं कौतुक केलं. पायजमा कापला, पावलावर बोटं ठेवून नाडी शोधली आणि जिथे सापडली तिथे पेनाने एक फुली काढली. गुडघ्याखालचं नळीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं, पण कातडी फाटली नव्हती. तेव्हा मला ती नशिबाची गोष्ट वाटली. अर्धं प्लास्टर बांधून त्यांनी पाय उशीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी रॉड टाकायचा असं ठरलं.

बायको आणि सासूबाई सोलापूरकडे एका लग्नाला गेल्या होत्या. बायकोला भाऊ नाही. त्या येईपर्यंत मामांजवळ मीच होतो. वॉर्डात त्या दिवशी खाट रिकामी नव्हती आणि सिस्टर एकटी पळत होती. तिने मला पायाशी नेलं आणि समजावलं. मोडलेला पाय आतून सुजतो. त्या सुजेला जागा मिळाली नाही तर आतलं रक्त थांबतं, आणि मग फार वेळ हातात नसतो. म्हणून दर तासाला बोटं गरम आहेत का बघायचं, अंगठा आपल्या हाताने हळूच वर वाकवायचा, आणि त्याने जोरात कळ आली तर तिला ताबडतोब बोलवायचं. तिने स्वतः करून दाखवलं. बोटं गुलाबी होती, अंगठा वाकवल्यावर मामांनी फक्त कपाळाला आठी घातली.

“काका काय सांगतात त्यावर जाऊ नका,” ती म्हणाली. “तुम्ही स्वतः हात लावून बघा.”

मी तिच्याकडून एक कोरा कागद मागून घेतला आणि त्यावर पट्टीने आखल्यासारखे रकाने पाडले. वेळ, बोटं, दुखणं, सही. सवयच ती. दहा वाजता पहिल्या ओळीत ‘ठीक’ लिहिलं, आणि ते खरं होतं.

अकरा वाजता मी पायाकडे हात नेला, तेव्हा मामांनी चादर ओढून पाऊल झाकलं.

“पाव्हणं, ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले. “मला पापात नका घालू. हलत्यात बोटं. लिवा तुमी.”

मी लिहिलं. त्यांचा हट्ट मोडायला दोन मिनिटं लागली असती. सिस्टरला हाक मारली असती तरी चाललं असतं. पण ती धावपळीत होती, मामांचं मन दुखवायचं नव्हतं, आणि आत कुठेतरी त्यांच्या पायाला हात लावणं मलाही अवघड वाटत होतं. जो माणूस आपले पाय धुतो त्याचे पाय चेपायची सवय मला नव्हती. बारा वाजता मी नुसतं विचारलं. ते म्हणाले, हलत्यात. मी लिहिलं.

एकला त्यांनी मला जेवायला हाकललं. पाव्हणा उपाशी असताना औषध गुण देणार नाही म्हणाले. खाली कॅन्टीनमध्ये मी पोटभर जेवलो, वर ताकही प्यालो. ते ताक आजही मला आठवतं आणि शिसारी येते. वर येऊन चौथं ‘ठीक’ लिहिलं. दोनला सिस्टर इंजेक्शन द्यायला आली. मामा तिलाही बरं आहे म्हणाले. तिने माझ्याकडे पाहिलं, मी कागद पुढे केला. सगळे नातेवाईक असे असते तर बरं झालं असतं, असं म्हणून ती पुढच्या खाटेकडे गेली.

तीनला त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब होते आणि उपरण्याचं टोक दातांत होतं. मी दुखतंय का विचारलं. वाईच उकडतंय म्हणाले. मी वॉर्डबॉयला सांगून पंखा वाढवून घेतला आणि बायकोला मेसेज टाकला की तुझे आबा वाघ आहेत, काळजी करू नकोस. चारला सातवं ‘ठीक’ लिहून खाली सही केली.

पावणेपाचला बायको आली. तिने वडिलांना काही विचारलं नाही, मलाही नाही. सिस्टरने काय सांगितलं ते मी सकाळीच तिला फोनवर कळवलं होतं. ती सरळ पायाशी गेली, चादर बाजूला केली आणि अंगठा धरून जरासा वर केला. मामा ओरडले. लग्नाला नऊ वर्षं झाली, त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. बोटं पांढुरकी पडली होती आणि प्लास्टरच्या कडेची कातडी ताणून चकाकत होती.

डॉक्टर धावत आले. पट्ट्या कापता कापता त्यांची नजर माझ्या कागदावर गेली. शेवटचं हात लावून कधी बघितलं, असं त्यांनी मला विचारलं. बायको माझ्याकडे बघत होती.

“दर तासाला बघत हुते त्ये,” मामा खाटेवरून म्हणाले. दुखण्याने त्यांचा श्वास पुरत नव्हता. “आत्ता चारलाबी बघितलं. त्यांना काय बोलू नका.”

मी कागदाची घडी करून खिशात घातली. आयुष्यात मी बरेच कागद नाकारले आहेत. तो एक कागद मी त्या क्षणी फाडून टाकायला हवा होता.

त्यांना लगेच आत नेलं. पायाला दोन्ही बाजूंनी लांब छेद देऊन आतला दाब मोकळा केला. बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाले की बरंचसं मांस मेलं आहे, दुपारी कळलं असतं तर गोष्ट वेगळी होती. ते कोणाला उद्देशून बोलले नाहीत. पाचव्या दिवशी पाय गुडघ्याखाली काढावा लागला. संमतीच्या कागदावर घरातला पुरुष म्हणून सही माझीच झाली.

बायकोला मी अजून खरं सांगितलेलं नाही. ती नातेवाइकांना सांगते की यांनी दिवसभर डोळ्यांत तेल घालून बघितलं, आमचंच नशीब खोटं. मामा शेजारी बसून मान हलवतात. म्हशी विकल्या. मी दर रविवारी मोशीला जातो, आणि पहिलं ताट अजून मलाच मिळतं.

गेल्या रविवारी जेवणं झाल्यावर मायलेकी आत भांडी आवरत होत्या. मामा बाहेरच्या खाटेवर पडले होते, आणि चादर त्यांनी मुठीत आवळली होती. मी विचारलं, दुखतंय का मामा? ‘न्हाई’ ऐकायच्या तयारीनेच विचारलं होतं.

“दुखतंय, पाव्हणं,” ते म्हणाले. “आंगठा. लई दुखतोय.”

असं होतं, हे डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. काढलेला पाय दुखत राहतो. मी उठून खाटेच्या पायथ्याशी बसलो. चादर जिथे सपाट झाली होती तिथे हात ठेवला. ते ‘ऱ्हाऊ द्या’ म्हणाले नाहीत.

“वाईच खाली,” ते म्हणाले.

“इथे?”

“व्हय. हितं.”

मी तिथे हात धरून बसलो. मामांनी डोळे मिटले होते.