मुदत संपलेला पत्ता

कोल्हापुरात तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं. ते जोडून देणाऱ्या एका छोट्या ऑफिसात मी सर्व्हर सांभाळायची. गिऱ्हाइकानं साइटचं नाव टाइप केलं, की ती साइट कुठल्या मशीनवर आहे तो आकड्यांचा पत्ता आमचा सर्व्हर बाहेर विचारून आणायचा आणि जपून ठेवायचा, म्हणजे पुढच्याला लगेच देता येई. पत्त्याबरोबर त्याची मुदतही यायची. ती संपली की जुना पत्ता काढून टाकायचा आणि नव्यानं विचारायचं, हा नियम.

आमच्या मालकांनी तो मोडला होता. बाहेरची लाइन बारीक, सारखं कशाला विचारायचं, म्हणून मुदत संपलेले पत्तेही आठवडाभर वापरायचे असं त्यांनी सर्व्हरमध्ये घालून ठेवलं होतं. त्यानं लाइन चिमूटभरच वाचायची. मी दोनदा सांगितलं, त्यांनी हसण्यावारी नेलं.

मग एक दिवस उचगावचे एक कारखानदार तावातावानं ऑफिसात आले. पुण्याच्या एका कंपनीसाठी ते सुटे भाग बनवायचे आणि त्यांची ड्रॉइंग्ज त्या कंपनीच्या साइटवरून घ्यायचे.

"सांगलीत माझ्या मेव्हण्याकडं साइट उघडतीया," ते म्हणाले. "माझ्याकडंच का न्हाय?"

मी तपासलं. कंपनीनं साइट नव्या मशीनवर नेली होती. आमचा सर्व्हर मात्र जुनाच पत्ता देत होता, आणि तिथं आता काही नव्हतं. मी मालकांकडे पाहिलं. त्यांनी मला बाजूला नेलं.

"पुण्याचा दोष हाय म्हणून सांग."

"न्हाय सांगणार."

"का?"

"दोष आपला हाय म्हणून."

मी परत येऊन त्या गृहस्थांना खरं ते सांगितलं आणि त्यांच्यासमोरच तो जुना पत्ता सर्व्हरमधून काढून टाकला. पण मालकांची आठवडाभराची सूचना काढायची तर पासवर्ड त्यांच्याकडेच, आणि तो ते देईनात. म्हणून त्या दिवसापासून साइट उघडत नाही असा फोन आला, की मी तपासायची आणि दोष आमचा असेल तर तसं स्पष्ट सांगायची: "पत्ता जुना झालाय. आमच्या मालकांनी तो काढू दिलेला नाही."

मालकांनी माझ्या टेबलावरचा फोन उचलून आपल्या टेबलावर नेला. मला वाटलं, आता नोकरी जाणार. घरी सांगितलं तेव्हा आई भाकरी थापत होती. "गेली तर गेली," ती म्हणाली, "खोटं बोलायची नोकरी करू नगंस." मलाही तेच ऐकायचं होतं.

पण फोन आता मालकांना घ्यावे लागत होते, आणि एकदा खरं कळलेली माणसं पुण्यावर ढकललेलं ऐकून घेत नव्हती. उचगावचे कारखानदार तर आणखी चौघा गिऱ्हाइकांना घेऊन आले आणि खुर्च्या ओढून बसले. मालकांनी तासभर तग धरला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ये, काढ ती सूचना. पासवर्ड मी टाकतो."

मी काढली. लाइनला काही झालं नाही. मालक पुढे महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. कुणी विचारलं तर सांगायचे, पोरगी लई हट्टी हाय. मी समोर असले तर म्हणायची, "व्हय, हाय की," आणि कामाला लागायची.