दाजींच्या फ्रीजरमधलं मांस

आमच्या दाजींना मांसातलं सगळं कळतं. असं ते स्वतःच म्हणतात, आणि चाळीस वर्षं मटणाचं दुकान चालवलेल्या माणसाशी वाद घालायची कुणाची छाती होत नाही. बोटाने दाबून जनावराचं वय सांगतील, नुसत्या वासावरून माल आजचा की कालचा ते ओळखतील. माणूस कष्टाळू, निर्व्यसनी, माझ्या ताईवर जीव टाकणारा. हे सगळं मला मान्य आहे, आणि तरी दोन वर्षं झाली, मी त्यांच्याशी बोलत नाही.

ताईच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा मी माझी एक दिली. उपकार वगैरे नव्हेत. आईच्या माघारी मला तिनेच वाढवलं. ऑपरेशन नीट पार पडलं. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून समजावलं की नवी किडनी टिकवणाऱ्या गोळ्या अंगातली प्रतिकारशक्तीच कमी करतात, तेव्हा साधा जंतूही महागात पडेल. मग विचारलं, घरात जनावर आहे का. होतं. बाईसाहेब नावाची पांढरी मांजर, ताईच्या उशाशी झोपणारी, दुकानातल्या कच्च्या कलेजीवर पोसलेली. मांजर खुशाल ठेवा, त्या म्हणाल्या, पण कच्चं बंद. शिजवलेलं द्या नाहीतर पाकिटातलं. मांजरीला काही होणार नाही, पण तिच्या तोंडातून, विष्ठेतून जंतू घरभर फिरतील.

दाजींना हे झोंबलं. त्यांनी एक पाकीट आणलं, वास घेतला, एक दाणा स्वतः चावून पाहिला आणि बेसिनमध्ये थुंकला. यात कुठलं जनावर आहे देव जाणे, म्हणाले. कुठल्याशा कंपनीने जंतू सापडले म्हणून माल परत मागवल्याची बातमीही त्यांनी कापून ठेवली आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंपुढे धरली. बाई शांतपणे म्हणाल्या, धोका पाकिटातही असतो, पण ते शिजवून, तपासून येतं. कच्च्यात तो रोजचाच. दाजींनी मान डोलावली आणि एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून दिलं.

मग त्यांनी स्वतःचाच तोडगा काढला. कलेजी आठवडाभर फ्रीजरमध्ये दगड होईपर्यंत ठेवायची, वितळली की मांजरीपुढे. बर्फात काय जगतंय, असा त्यांचा हिशेब. थंडीत मांस नासत नाही हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. थंडीत जंतू बरेचसे मरत नाहीत, नुसते पडून राहतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं. डॉक्टरीणबाईंना विचारलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं. पण मांसाबद्दल दुसऱ्या कुणाला विचारायचं म्हणजे त्यांना कमीपणा.

ऑपरेशननंतर सातव्या महिन्यात ताईला जुलाब लागले, ताप चढला, जंतू रक्तात गेला. तीन आठवडे ती अतिदक्षता विभागात होती. ताई वाचली, किडनी गेली. तिच्या रक्तात आणि मांजरीच्या विष्ठेत एकच जंतू निघाला. बाईसाहेब ठणठणीत होत्या. दाजी बाहेरच्या बाकावर बसून मला सांगत होते, "वास येत नव्हता रे. मी रोज वास घेऊनच देत होतो." त्यांचा गळा धरावासा वाटला. मी उठून जिन्याकडे गेलो, तो आमचा शेवटचा संवाद.

आता आठवड्यातून तीनदा ताईचं डायलिसिस असतं. नेतो मी, घरी आणतात दाजी, म्हणजे आमची गाठ पडत नाही. परवा मशीनला लावल्यावर ती सहज बोलावं तसं बोलली की फ्रीजरमधल्या कलेजीचं तिला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. मी विचारलं, मग बोलली का नाहीस.

"ह्यांना आयुष्यात तेवढं एकच येतं," ती म्हणाली. "त्यातलंही तुम्हाला कळत नाही, असं कुठल्या तोंडाने सांगू?"

तिच्या हाताला सुया लावलेल्या होत्या, म्हणून मी आवाज चढवला नाही. नवऱ्याचा मान तिने राखला, माझ्या किडनीच्या जिवावर. दोन वर्षं दाजींशी अबोला धरला, ते सोपं होतं. ताईला शुक्रवारी पुन्हा मलाच न्यायचं आहे.