पप्पांच्या नावाचा कॅन

आमच्या सालवडच्या खोलीत मोरीजवळ पांढरा कॅन दिसला की समजायचं, पप्पांच्या कामावर काहीतरी झालंय. पप्पा ठेकेदाराकडून जातात त्या प्लांटमध्ये अणुभट्टीतलं वापरून झालेलं इंधन येतं. ते कापतात, ॲसिडमध्ये विरघळवतात आणि त्यातून प्लुटोनियम वेगळं काढतात. पप्पा बंद काचपेटीत जाड हातमोज्यांतून हात घालून काम करतात, आणि त्या दिवशी हातमोजा फाटला. हात घासून घासून धुतला, मग कॅन देऊन घरी पाठवलं. अख्ख्या दिवसरात्रीची लघवी त्यात भरायची, तीपण घरीच, आंघोळ करून, म्हणजे प्लांटमधलं काही वरून पडायला नको. त्यावरून कळतं अंगात काय गेलंय ते.

नवापूरची मावशी दारावर बोंबील घेऊन आली, तिची नजर नेमकी कॅनवर. "काय गो, ताडी हाय का?"

"पिऊन बघ," आई म्हणाली. आम्ही तिघी जाम हसलो.

पप्पा नाय हसले. रिपोर्टमध्ये काही निघालं तर आतलं काम बंद, आणि बाहेरचं काम ठेकेदाराकडे नसतंच. आई बाजारात गेल्यावर त्यांनी कॅन दादासमोर ठेवला. "तू भर."

"पप्पा, डोकं फिरलंय का?"

"तू कधी आत गेलायस? नाय ना? मग भर."

मी तिथेच कणीक मळत होते. मला कोणी बाहेर जा पण म्हणालं नाही, एका खोलीत जाणार कुठे. दादा तांब्यावर तांब्या पाणी पीत बसला, माझ्याकडे न बघता.

रिपोर्ट साफ आला. आईने शिरा केला, शेजारी पण दिला. पप्पांनी दोनदा मागून घेतला. दादाने वाटीला हातच लावला नाही, आई म्हणे याला कसला एवढा राग.

सकाळी पप्पा बूट घालत होते तेव्हा मी हळूच म्हटलं, "एकदा खरा देऊन टाका ना. काहीतरी कारण सांगा, परत तपासा म्हणा."

"आणि निघालं तर? पहिला कॅन कोणाचा होता, विचारतील."

"पण तुम्हाला कळायला नको का?"

त्यांनी नाडी ओढून बांधली. "तुझा दादा ठणठणीत आहे, एवढं तर कळलं ना," म्हणाले, आणि डबा उचलून कामावर गेले.