समुद्राच्या चिखलातलं मीठ

त्या आठवड्यात मला स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीकडे बघायचीसुद्धा भीती वाटत होती. नवरा हसायचा. मला हसू येत नव्हतं.

मी इंदूरच्या एका कॉलेजात मातीपरीक्षणाच्या लॅबमध्ये काम करते. लग्न होऊन साताऱ्याहून इथे आले, आणि तेव्हापासून माळव्याची काळी माती कागदावर वाळत घालणं, कुटणं, चाळणं आणि तिच्यात सेंद्रिय कर्ब किती आहे ते शेतकऱ्याला सांगणं हाच माझा धंदा. हे काम मला झोपेतही जमतं, असं मी चारचौघांत म्हणायचे. आता म्हणत नाही.

माझी भाची, मोठ्या बहिणीची मुलगी, दक्षिणेकडच्या समुद्रात बुड्या मारून संशोधन करते. तिथे उथळ पाण्याखाली गवताची कुरणं आहेत. खरंखुरं गवत, मुळं, पानं, फुलं असलेलं. ती पानं गळतात, चिखलात गाडली जातात, आणि तिथे हवाच पोचत नसल्यामुळे नीट कुजतही नाहीत. त्यामुळे त्यांच्यातला कर्ब शेकडो वर्षं खाली पडून राहतो. "आणि कुणी खणलं की सगळा वर, हवेत," ती मला फोनवर म्हणाली होती. तिच्या कुरणातून बोटींसाठी खोल वाट खणायची योजना निघाली होती. शुक्रवारी गावात जनसुनावणी होती आणि तिथे तिला त्या चिखलातल्या कर्बाचे आकडे मांडायचे होते.

तिची नेहमीची लॅब यंत्रावर तपासणी करायची आणि ते यंत्र बंद पडलं होतं. ती रडकुंडीला आलेली. मी म्हटलं, "माझ्याकडे पाठव. माती शेवटी मातीच. आठवड्यात आकडे देते." किती तोऱ्यात म्हटलं होतं मी ते!

बर्फाच्या पेटीतून पिशव्या आल्या. समुद्राच्या तळात पाइप ठोकून काढलेला चिखल, थराथराने कापलेला, प्रत्येक पिशवीवर खोली लिहिलेली. सर्वांत खालच्या थराची पिशवी एवढीशीच होती. पाइप तेवढा खोल एकदाच गेला होता, आणि आता समुद्र खवळल्यामुळे बोटी बंद होत्या. मी नेहमीसारखा चिखल पंख्याखाली वाळवला. लॅबभर सडक्या अंड्यांचा वास सुटला. वाळल्यावर त्यावर पांढरी पुटं चढली. आमच्या काळ्या मातीतही चुनखडीचे पांढरे खडे असतात आणि आमच्या तपासणीला चुन्याने काही फरक पडत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून मी त्या पुटांकडे दुसऱ्यांदा पाहिलंच नाही.

ही तपासणी साधी असते. मातीवर डायक्रोमेट नावाचं नारिंगी रसायन आणि आम्ल ओतायचं, आणि कर्बाने किती डायक्रोमेट खाल्लं ते मोजायचं. जास्त खाल्लं म्हणजे कर्ब जास्त. आम्ल ओतताच तांबूस वाफ वर आली आणि नाकाला झोंबली. मी पंखा मोठा केला आणि पुढे गेले. आकडे भरघोस आले. ते मी शुक्रवारी, सुनावणीच्या बरोबर एक आठवडा आधी पाठवले आणि घरी जाताना सराफ्याच्या खाऊगल्लीतून जिलबी नेली.

सोमवारी लॅब साफ करणाऱ्या मावशी माझ्या टेबलापाशी आल्या. त्या इथल्याच, मल्हारगंजच्या. हातातलं फडकं त्यांनी माझ्यासमोर धरलं.

"मॅडमजी, हे बघा ना. तुमच्या त्या बदबूवाल्या मिट्टीची टेबल पोछली होती. कपडा सुकला तर एकदम कडक! इथे नमक-वमक सांडलं होतं का?"

मी फडकं हातात घेतलं. त्यावर पांढरी खपली धरली होती. मी ते टेबलावर ठेवून डोळे मिटले. समुद्राच्या चिखलात मीठ असणार, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. आणि मीठही डायक्रोमेट खातं. मी मोजलेल्या कर्बात मीठ मिसळलेलं होतं. ती तांबूस वाफ मिठाचीच होती. एम.एस्सी.च्या पेपरात हे लिहून मी गुणही मिळवले होते. माळव्यात इतकी वर्षं त्याची गरज पडली नाही, आणि मी विसरून गेले.

"काय झालं मॅडमजी? चक्कर आली का?"

"काही नाही," मी म्हटलं.

मी लगेच फोन करायला हवा होता. केला नाही. तासाभराने भाचीचाच आला. आवाजात नुसता आनंद. "मावशी, गावातल्या बायकांनी तो आकडा कापडावर रंगवून घेतलाय, एवढा मोठा! सुनावणीत धरणार आहेत." मी "अरे वा" म्हटलं. माझ्या तोंडून "अरे वा" निघालं, याची मला आजही शरम वाटते.

मंगळवार असाच गेला. समोरच्या बाजूने कुणी जाणकार आणला, त्याने एकच प्रश्न विचारला, मीठ काढलं होतं का, तर ती पोर भर सभेत खोटी ठरणार, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना. आणि त्याहून वाईट विचार असा की कदाचित कुणी विचारणारच नाही. मी त्या विचाराला धरून बसले होते. मनातल्या मनात म्हणत होते, कोण विचारतंय? तिलाही कधी कळणार नाही.

बुधवारी नवऱ्याने खजराण्याच्या गणपतीला नेलं. तिथे देवळाच्या मागच्या भिंतीवर लोक उलटं स्वस्तिक काढून मागणं मागतात आणि काम झालं की येऊन सुलटं काढतात. मी बोटाला कुंकू लावलं आणि तशीच उभी राहिले. मागायचं काय? मिठाचा कर्ब होऊ दे? मागच्या बाई म्हणाल्या, "दीदी, जल्दी करो." मी बोट पदराला पुसलं आणि बाहेर आले. नवऱ्याला म्हटलं, मला मल्हारगंजला सोड.

तिथे गल्लीत रसायनांचं एक जुनं दुकान आहे. मी सिल्व्हर सल्फेट मागितलं. ते आम्लात मिसळलं की त्यातली चांदी मिठाला धरून ठेवते आणि मग मीठ मध्ये येत नाही.

"क्या दीदी, मिट्टी को चांदी खिलाओगे?" दुकानदार हसला.

लॅबमध्ये वरच्या थरांची माती शिल्लक होती. सर्वांत खालच्या थराची पिशवी रिकामी होती. मी ती कापून उलटी केली, सुरीने खरवडली, माती वाळवलेल्या कागदाची घडी झटकली. जेमतेम एका तपासणीपुरती माती निघाली. हात चुकला तर पुन्हा नाही. ब्युरेटची, म्हणजे थेंब मोजून सोडायच्या काचेच्या नळीची, तोटी उघडायच्या आधी मी दोनदा थांबले, खुर्चीवर बसले, परत उठले. या वेळी आम्ल ओतताना तांबूस वाफ आली नव्हती. थेंब थेंब सोडत गेले आणि निळसर द्रावण एका थेंबात हिरवं झालं, तपासणी पुरी झाल्याची खूण.

कर्ब होता. पण कापडावर रंगवलेल्या आकड्यापेक्षा खूपच कमी होता.

गुरुवारी सकाळी लॅबच्या जिन्यात बसून मी फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. मीठ, फडकं, आणि सोमवारपासून मी गप्प बसले होते, तेही.  पलीकडून लाटांचा आवाज येत होता.

"खालच्या थरातही आहे ना, कमी का होईना?" तिने विचारलं.

"आहे. पण एकदाच तपासता आला. तसं लिहून देते."

"दे. चूक काय झाली तेही लिही. मी आधी तेच वाचेन." मग म्हणाली, "ते कापड आता त्या बायकांना कसं सांगू, मावशी?"

शुक्रवारी तिने वाचलं. बायका कापड न धरता नुसत्याच बसल्या होत्या म्हणे. समोरच्यांनी माझ्या चुकीवर बरंच तोंडसुख घेतलं. निकाल अजून लागलेला नाही. मिठाबद्दल मात्र कुणी एक अक्षर विचारलं नव्हतं, तिने स्वतः सांगेपर्यंत. समोरच्या बाजूने जाणकार आलाच नव्हता.

दिवाळीत ती घरी आली तेव्हा मी पोळ्या लाटत होते. मागून येऊन तिने माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवली आणि मायेने म्हणाली, "मावशी, तू सांगितलं नसतंस ना, तर मला कधीच कळलं नसतं."

मी लाटणं खाली ठेवलं. दोन दिवस मी नेमकी याच वाक्याच्या आधाराने गप्प बसले होते, हे तिला माहीत नव्हतं.