नवा माणूस दिसला की सोडत न्हाईत

माझ्या वडिलांना तिघांनी घेरून मारलं तेव्हा मी पाच पावलांवर गॅसपुढे भाकऱ्या थापत होते. गुडघे सोडले तर वडील धडधाकट आहेत. मेलं ते कॉम्प्युटरवरच्या खेळातलं त्यांचं यान, आणि त्याच्याबरोबर त्यांचं चार महिन्यांचं काम. 'खेळच तर आहे' असं आता कुणाच्या तोंडावर आलं असेल तर त्याने ते गिळून टाकावं. हे वाक्य मी त्या दिवसापासून इतक्या जणांकडून ऐकलंय की चार शिव्या घशाशी येऊन थांबतात.

वडिलांना आम्ही आबा म्हणतो. आबा रेल्वेत गँगमन होते. खंडाळ्याच्या घाटात रुळांची देखभाल करणारी माणसांची टोळी असते, तिला गँग म्हणतात. आबांनी सारी नोकरी या घाटातल्या गँगमध्ये काढली. सकाळी आमच्या गावातून, कुरवंड्यातून निघायचं, खांद्यावर पहार टाकून घाट चालायचा, खडी सारखी करायची, बोगद्यात काम असेल तर एकाने लाल झेंडी आणि शिट्टी घेऊन पुढे उभं राहायचं. आमच्या घरात 'गँग' हा शब्द नातेवाइकांपेक्षा वरचा होता. लग्न ठरलं तर आधी गँगला कळायचं. आजी गेली तेव्हा खांदा गँगने दिला, भावकी नंतर पोचली.

निवृत्तीनंतर वर्षभरात गुडघे गेले. ऑपरेशन झालं, पण घाट संपला तो संपलाच. गँगमधली माणसं पांगली, दोघं वारले. आबा पडवीत खुर्ची टाकून रस्त्यावरच्या पर्यटकांच्या गाड्या बघत बसायचे. माणूस असा बसून राहिला की त्याचा चेहरा बदलतो. मला ते बघवेना. नवलाख उंबऱ्याच्या एका कारखान्यात मी पार्ट तपासायच्या लाइनवर आहे आणि तळेगावात खोली घेऊन राहते. नवा लॅपटॉप घेतला तेव्हा जुना आबांना नेऊन दिला आणि त्यात मी स्वतः खेळायचे तो खेळ टाकला.

खेळ साधा आहे. तुमच्याकडे एक यान असतं आणि समोर अफाट आकाश. माल वाहा, नाहीतर लांब जाऊन कुणी न पाहिलेले तारे शोधा. शोधलेल्या ताऱ्यांच्या नोंदी यानात साठतात. परत येऊन त्या यानांच्या बंदरात जमा केल्या की त्या ताऱ्यावर पहिला शोधणारा म्हणून तुमचं टोपणनाव कायमचं लागतं. जमा करायच्या आधी यान फुटलं तर सगळं पुसलं जातं. खेळायचे प्रकार दोन, एकट्याचा आणि खुला; यान तेच राहतं, प्रकार हवा तेव्हा बदलता येतो. खुल्यात जगभरचे खेळाडू एकाच आकाशात असतात, आणि तिथे कुणीही कुणालाही मारू शकतो.

मी आबांना एकट्याच्या प्रकारात ठेवलं होतं. त्यांना इंग्रजी अक्षरं येतात, स्टेशनच्या पाट्या वाचून आलेली. यान उतरवायला ते दोन महिन्यांत शिकले, आणि असे शिकले की मीसुद्धा इतकं हळुवार उतरवत नाही. मग निघाले लांब. चालायचं सुटलेला माणूस पुन्हा चालायला लागला होता. जेवताना आईला सांगायचे, "आज निळा तारा घावला. दोन हायेत, जोडीनं फिरत्यात."

"हितं मीठ सपलंय त्ये कुणाला घावायचं?" आई म्हणायची. पण ताट वाढताना ती विचारायचीही, आज कुठवर गेलात.

चार महिने गेले. एका गुरुवारी दुपारी फोन आला. कारखान्याच्या कँटीनमध्ये होते, जेवणाची सुट्टी संपत आलेली, शेजारी ताटांचा खणखणाट.

"पोरी, परतीला लागलोय. रविवारपतूर बंदराला पोचतो. त्या खुल्यात गेलं तर तितं माणसं असत्यात का गं?"

"असत्यात ना, आबा. पण बंदराच्या तोंडाला कायम गँक असते."

"गँग असती?"

"व्हय. रविवारी दुपारी तर हमखास. नवा माणूस दिसला की सोडत न्हाईत."

"आसं?" आबांचा आवाज एकदम तरतरीत झाला. "मंग बघतो."

"बघा, पण जपून."

आणि मी फोन ठेवून लाइनवर गेले. मला वाटलं, सावध केलं.

गँक म्हणजे काय ते खेळणाऱ्यांना सांगावं लागत नाही. चार दांडग्यांनी टपून बसायचं आणि एकट्यादुकट्या, दुबळ्या, बहुधा नवख्या माणसाला घेरून मारायचं. गँग या शब्दालाच मारण्याचा इंग्रजी शब्द चिकटवून तो बनवलाय म्हणतात. आबांनी मात्र ऐकलं ते गँग. आणि आमच्याकडे 'नव्या माणसाला सोडत नाहीत' याचा अर्थ एकच होतो. जेवल्याशिवाय जाऊ देत नाहीत.

रविवारी माझी सुट्टी होती. नागफणीचा कडा बघायला आलेल्यांनी गाड्या रस्त्यातच आडव्या लावलेल्या, त्यामुळे शेवटचा टप्पा चालत, चिडचिडतच घरी पोचले. आबा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपपुढे बसले होते. शर्ट बघून तरी माझी ट्यूब पेटायला हवी होती. मी पीठ मळायला घेतलं.

साडेबाराच्या सुमारास पडवीतून हाक आली, "आगं, गँग आली! तिघं हायेत!"

हात पिठाचे, तशीच धावले. पडद्यावर आबांच्या यानाभोवती तीन लाल त्रिकोण. आबांनी यान थांबवलं होतं, पूर्ण बंद. दुसरी गँग वाटेत भेटली की पहार खाली ठेवायची, थांबायचं, तंबाखू मळायची, ही त्यांची पद्धत. खाली त्यांनी इंग्रजी अक्षरांत एका बोटाने लिहिलं होतं, 'राम राम मंडळी'.

"आबा, पळा! आबा, पळा तितनं!"

"थांब गं, बोलू दे की त्यास्नी."

आबांच्या यानाच्या ढाली आधीच अर्ध्यावर आल्या होत्या. मी पिठाच्या हाताने कीबोर्ड ओढला, पण उशीर झाला होता. यान फुटायला पाच सेकंदही लागले नसतील. त्या तिघांपैकी एकाने हसण्याची तीन अक्षरं टाकली. दुसऱ्याने 'राम राम' तसंच्या तसं परत लिहून पाठवलं. मग ते निघून गेले, म्हणजे परत आपल्या जागेवर जाऊन पुढच्याची वाट बघत उभे राहिले.

आई पदराला हात पुसत आली. "काय झालं ओ?"

"काय न्हाई," आबा म्हणाले. "गँगनं मारलं."

हे वाक्य त्या माणसाच्या तोंडून ऐकायला मी जिवंत राहायला नको होतं.

मी त्यांना समजावलं. गँग नव्हे आबा, गँक, शेवटी क. त्यांनी मान हलवली. नोंदी परत मिळतात का, एवढंच विचारलं. मिळत नाहीत म्हटल्यावर म्हणाले, "त्यांचा मुकादम कोन? त्याच्याशी बोलू."

मुकादम! मी खेळणाऱ्यांच्या चर्चेच्या पानावर जाऊन तक्रार लिहिली, सगळं खरं खरं. तासाभरात उत्तरं आली. खुलं म्हणजे खुलं. नियमात बसतं. नवख्याने तयारी करून यावं. एकाने तर कळवळ्याने यादीच दिली: ढाली भक्कम बसवा, बंदरापाशी थांबू नका, कुणाशी बोलू नका, अनोळखी यान दिसलं की पळा.

ती यादी वाचून मी पेटले. ही मला पाठ होती. बाईच्या जातीला जन्मापासून हीच यादी मिळते. दिवेलागणीच्या आत घरी ये, आडवाटेला थांबू नको, परक्याशी बोलू नको. जो टपून बसलाय त्याला कुणी यादी देत नाही. त्याला सगळे गृहीत धरतात, पावसासारखं. छत्री तुम्ही आणायची. आणि या यादीला म्हणे नवख्यांची तयारी! आबांच्या गँगमध्ये नवा माणूस आला की पहिले पंधरा दिवस त्याला दोन जुन्या माणसांच्या मध्ये चालवत. रूळ कसा ऐकायचा ते शिकवत, कुठल्या वळणावर गाडीचा आवाज उशिरा येतो ते दाखवत. त्याला पळायला शिकवायच्या आधी स्वतः त्याच्या बाजूला उभे राहत. अर्ध्या पगारावर घाट चढणाऱ्या, सही करताना बोट थरथरणाऱ्या माणसांना जे कळत होतं ते या शिकल्यासवरल्या गाढवांना कळत नाही. मी हे सगळं लिहिलं, याहून वाईट शब्दांत. माझं लिखाण काढून टाकण्यात आलं, भाषा असभ्य म्हणून.

मी पडवीत येरझाऱ्या घालत बडबडत होते. भाकऱ्या गार झाल्या. आबा ऐकत होते. मग त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, "पोरी, रविवारी दुपारी त्ये तितंच उभं राहत्यात, ह्ये तुला कसं ठावं?"

खोटं सुचलं होतं. सांगून टाकता आलं असतं, सगळ्यांनाच माहीत असतं म्हणून.

"मीबी उभी राहायचे, आबा."

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. लाइनवरचा सुपरवायझर मला रोज सगळ्यांदेखत बोलायचा, आणि मी मान खाली घालून पार्ट मोजायचे. खोलीवर आल्यावर मी आणि ऑनलाइन भेटलेले चौघं त्याच बंदराच्या तोंडाशी टपायचो. कुणी नवखा, डुलत डुलत येताना दिसला की आमच्यातला एक म्हणायचा, "आलं बघ गिऱ्हाईक." मला हसू यायचं. बरं वाटायचं, हे खरं आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. माझ्याहून खालचं कुणीतरी मिळायचं. पुढे सुपरवायझर बदलला आणि माझी हौस फिटली. वाईट वाटून सोडलं असं मी स्वतःला सांगत आले, पण तसं काही झालं नव्हतं. सोडलं ते कंटाळून. आणि म्हणूनच फोनवर मी 'गँक असते' असं 'पाऊस असतो' इतक्या सहज म्हणाले. जे स्वतः केलं त्याचा अर्थ उलगडून सांगायची वेळ आली की जीभ आखडते. मी आबांना यान वळवायला शिकवलं, उतरवायला शिकवलं, आणि माणसांबद्दल एक शब्द टाकून हात झटकले.

यातलं निम्मंच मी त्यांना सांगितलं. आई दारात उभी होती.

"किती लोकं मारलीस?" आबांनी विचारलं.

"मोजली न्हाईत."

आबांनी लॅपटॉपचं झाकण हळू खाली केलं. ओरडले असते तर मीही ओरडले असते, आम्हा दोघांना ते जमतं. ते म्हणाले, "बोगद्यात काम करताना गाडी आली की आमी भिंतीला चिकटून उभं राहायचो. गाडी गेली की मुकादम आदी माणसं मोजायचा. अंधारात, हात लावून लावून. मोजून झाल्याबिगर कुणी पहार उचलत नव्हतं." मग म्हणाले, "तू मोजलीबी न्हाईस."

जेवले ते. ताटातलं सगळं खाल्लं. पंधरा दिवसांनी त्यांनी पुन्हा यान घेतलं आणि एकट्याच्या प्रकारात लांब निघून गेले. मी म्हटलं, मी येते सोबत, खुल्यात जाऊ, मी पुढे राहते. "नगं," म्हणाले, "एकटं बरं हाय." आता जेवताना आईने विचारलं तरच तारे सांगतात.

त्या तिघांवरचा माझा राग तसूभर कमी झालेला नाही. समोर आले तर मी त्यांना सोडणार नाही. पण लाइनवर पार्ट हाताखालून जात असतात तेव्हा मी मोजायचा प्रयत्न करते. एकाने 'मी नवीन आहे' असं लिहिलं होतं. एकजण फुलं घेऊन चालला होता, खेळातली फुलं, कुठल्याशा कामगिरीसाठी. एकाने मरताना 'का?' एवढंच विचारलं. असे सात आठवतात. बाकीच्यांचं काहीच आठवत नाही, आणि ते सातापेक्षा खूप जास्त होते.